दिवा, जिवा, शिवा

रंगनाथबद्दल दोन चांगले शब्द बोला, असं मला कुणी सांगू नका. जमायचं नाही. बावीस वर्षं त्या माणसानं माझ्याशी तोंड उघडलं नव्हतं आणि मीही त्याला कधी 'काय रे' म्हटलं नव्हतं. रस्त्यात समोरासमोर आलो की तो एका बाजूच्या गटाराकडं बघायचा, मी दुसऱ्या बाजूच्या. आमच्या गल्लीत गटार एकाच बाजूला आहे, तरी.

पण त्याच्याविषयी लोक मलाच विचारतात. कारण जत्रेतल्या वगात मी पडद्याच्या पुढं ढोलकी घेऊन बसायचो आणि तो पडद्याच्या मागं बाड घेऊन. बाड म्हणजे वगाची हातानं लिहिलेली वही. नटाची ओळ अडली की मागून हळूच सांगायची, हे त्याचं काम. आमच्या दोघांच्या मध्ये एक जुना लाल पडदा. त्याला डाव्या अंगाला रुपयाएवढं भोक होतं, आणि त्या भोकाला रंगनाथचा डोळा कायम लागलेला. मला वाटायचं, हा माझाच हात बघतोय. कुठं ठेका चुकतोय म्हणून टपून बसलाय मेला.

मी गोरक्षनाथ. गावात दूध संकलनाचं सेंटर चालवतो आणि चैत्रात चार दिवस ढोलकी वाजवतो. गावाचं नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ झालंय. श्रीगोंद्यापासून बारा-तेरा किलोमीटर, चारी बाजूंनी ऊस, मधोमध भैरवनाथाचं देऊळ, एवढं पुरे.

आमचा वग एकच. 'राजा मेघसेन'. पंचाहत्तर वर्षं झाली, दुसरा वग या गावानं केला नाही आणि दुसऱ्या गावाला हा करू दिला नाही. गोष्ट साधी आहे. राजा शिकारीला जातो आणि वाट चुकतो. इकडं त्याचा प्रधान राजाचेच कपडे, राजाचीच पगडी घालून गादीवर बसतो. चेहरा तोच, चाल तीच, कुणाला ओळखू येत नाही. राणीला मात्र संशय येतो. मग ती काय करते? भर दरबारात अर्धी ओळ बोलते आणि थांबते. कारण आमच्या वगात राजा नेहमी यमकात बोलतो. राणीनं ओळ टाकली की राजानं शेवटचा शब्द जुळवायचा, ही त्या दोघांची लग्नापासूनची रीत. आणि या सोंगाड्याला तो शब्द काही सापडत नाही. 'अं... अं...' करत बसतो आणि पकडला जातो. कपडे चोरता येतात, यमक चोरता येत नाही, असं राणी म्हणते, तेव्हा सगळा मांडव टाळ्या वाजवतो. जत्रा ज्यांच्या हातात, त्या गहिनीनाथ पाटलांच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या.

आणि एक पद्धत आहे. खरा राजा ओळ म्हणतो, पण शेवटचा शब्द स्वतः बोलत नाही. तो गावानं बोलायचा. राजा थांबला की पाचशे तोंडांतून एकदम शब्द येतो आणि त्याच्यावर माझी थाप पडते. लहान पोरांनासुद्धा सगळे शब्द पाठ. पहिल्या रांगेत गहिनीनाथची आई आक्काबाई बसायची, नव्वदीची म्हातारी. कान पार गेलेले, कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून घरी डब्यात ठेवलेलं. तिचीसुद्धा ओठांची हालचाल पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू. आम्ही म्हणायचो, म्हातारीच्या तोंडात मिसरी आहे.

आता शेवटचा चौक ऐका.

मेघसेन आला नगरीला, दारी लागला दिवा,
राणीच्या डोळा पाणी आलं, गारवा आला जिवा,
खोटं सरलं, खरं उरलं, साक्षी उभा शिवा,
वग जुळवुनी सभेला वाहतो पाटील आनंदराव.

काय? लागलं ना कानाला? कुणालाही लागेल. दिवा, जिवा, शिवा, आणि मग आनंदराव. चांगल्या चाललेल्या गाडीचं चाक निखळावं तसं.

जुन्या वगांची रीत अशी की ज्यानं वग जुळवला त्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, आणि ती ओळ तेवढी राजा पुरी म्हणतो. आनंदराव म्हणजे गहिनीनाथचा आजा. आणि हा वग आनंदरावानं जुळवलेला नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वग जुळवला भिवानं. रंगनाथचा बाप भिवा. त्याला अक्षर येत नव्हतं. तो बोलायचा आणि आनंदराव लिहून घ्यायचे, त्यांना वगाचा भारी नाद. शेवटची ओळ होती, 'वग जुळवुनी सभेला वाहतो दास तुमचा भिवा'. सहा वर्षं स्वतः भिवा मेघसेन झाला आणि देवळापुढं उभं राहून ती ओळ बोलला.

मग छप्पन साल आलं. भिवा आणि त्याची सगळी वस्ती बौद्ध झाली. भिवानं गावाला सांगितलं, वग करीन, पण मेलेलं जनावर ओढणार नाही आणि देवापुढं ढोल बडवणार नाही. गाव म्हणालं, मग वगही नको. म्हणजे भिवा नको. वग पाहिजेच होता. पुढच्या जत्रेत दुसरा राजा उभा केला आणि शेवटच्या ओळीत भिवाच्या जागी आनंदराव बसवले. पाटील स्वतःला 'दास' कसा म्हणवील, म्हणून तोही शब्द काढला. बाडाचं शेवटचं पान बदललं. एवढं सगळं केलं, पण बाकीच्या तीन ओळी बदलायचं त्या शहाण्यांना सुचलं नाही. यमक जुळवायला डोकं लागतं.

मग तो खडखडाट झाकायचा कशानं? ढोलकीनं. माझा बाप तेव्हा वाजवायचा. माझ्या हातात ढोलकी दिली तेव्हा त्यानं एकच गोष्ट बजावून सांगितली.

"शेवटाला राजानं 'वाहतो' म्हटलं की दोनी हातानं झोडायची. राजा काय बोलतो त्ये तुलासुद्दा ऐकू येता कामा नये."

"का?" मी विचारलं.

कानाखाली बसली. "तशी पद्धत हाय म्हनून."

आमच्या शेताला पाणी पाटलाच्या विहिरीतून होतं, हे मला पुढं कळलं. बोअर मारल्यावर ती विहीर आम्हाला लागत नव्हती. पण हाताला सवय लागली होती. छत्तीस-सदतीस वर्षं मी त्या ओळीला ढोलकी फुटेस्तोवर झोडली. मला त्यात काही वाईट वाटायचं नाही, खोटं कशाला बोलू?

रंगनाथ वगात आला तो तीस वर्षांपूर्वी. तोवर बाड सांभाळणारे म्हातारे गेले आणि आनंदरावांचं किरटं अक्षर कुणाला लागेना. भिवा तेव्हा वारलेला, पण त्यानं सगळा वग पोराच्या डोक्यात घालून ठेवलेला. नाइलाजानं गहिनीनाथनं माणूस धाडला. अट घातली: पडद्याच्या मागं बसायचं, पुढं यायचं नाही. रंगनाथनं अट मान्य केली. मला तेव्हाच वाटलं होतं, याला काही लाजलज्जा आहे का नाही?

त्याच्या घरच्यांनाही तेच वाटलं. त्याचा पोरगा महेंद्र नगरला एमआयडीसीत आहे. तो बापाला भर चौकात बोललेला मी ऐकलंय. "आजोबांनी जे थुंकून टाकलं, ते तुमी उचलून खाताय. कशाला जाता त्यांच्या दारात?" रंगनाथनं खाकी पँटच्या खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि तालमीला आला.

माणूस एसटीत कंडक्टर होता. श्रीगोंदा डेपो. कंडक्टर म्हणजे काय कंडक्टर! पाटलाच्या पाहुण्यानं तिकीट काढलं नाही म्हणून त्याला भर माळावर उतरवून दिलेला. रिटायर झाला तरी पँट खाकीच, खिशाला पेन, हातात स्वतःची पाण्याची बाटली. जत्रेतला घास खायचा नाही, गुलाल लावून घ्यायचा नाही, देवापुढं हात जोडायचा नाही. मागच्या वाटेनं यायचा, पडद्यामागं बसायचा, भोकाला डोळा लावायचा आणि वग संपला की मागच्या वाटेनं जायचा. आणि शब्दाला असा कडक की विचारू नका. नटानं एक काना इकडचा तिकडं केला की दुसऱ्या दिवशी तालमीत त्याची हजेरी. त्यातही शेवटचा चौक म्हणजे त्याचा जीव की प्राण. दिवा, जिवा, शिवा, या तीन शब्दांना कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मी लावला. बावीस वर्षांपूर्वी राजाचं काम करणाऱ्याचा घसा बसला, म्हणून शेवटचा चौक मीच ढोलकीवर म्हणायचं ठरलं. गाव शब्द बोलायच्या आधीच मी जोशात बोलून गेलो, 'दारी लागल्या पणत्या'. मला वाटलं, राजा येतोय, तर एकच दिवा कसा? चार तरी लावायला नकोत?

पडदा बाजूला झाला. हा बाबा बाड हातात घेऊन सगळ्या गावापुढं येऊन उभा. त्याला तर पुढं यायची बंदी होती.

"पनत्या न्हाई. दिवा," तो म्हणाला. "परत म्हन."

मी म्हटलं.

"अजून म्हन."

तीनदा म्हणायला लावलं. त्या वर्षी माझी लेक नुकतीच दिलेली आणि माझे व्याही दुसऱ्या रांगेत बसलेले. व्याही तोंडावर उपरणं धरून हसत होते. त्या रात्री मी जेवलो नाही. त्या दिवसापासून रंगनाथचं आणि माझं बोलणं बंद. गहिनीनाथनं त्याला हाकललाच असता, पण अक्षर वाचणार कोण?

हे असं यंदापर्यंत चाललं. यंदा पंचाहत्तरावं वर्ष. गहिनीनाथचा नातू करण पुण्याहून शिकून आला. काय शिकला विचारू नका, त्यालाही सांगता येत नाही. मोबाईलवर त्याचं चॅनल आहे. त्यानं आल्या आल्या सगळ्या बाडाचे फोटो काढून, पुण्यात जुनी अक्षरं वाचणाऱ्या कुणाकडून तरी टाईप करून घेतलं. झालं, रंगनाथची गरज संपली. "आजोबा, आता प्रॉम्प्टिंग स्क्रीनवर असेल. तुम्ही आराम करा," असं त्याला सांगितलं. आणि राजाचं काम स्वतःकडं घेतलं.

पहिल्या तालमीला करण मला म्हणाला, "गोरखकाका, हा शेवटचा चौक यमकात बसत नाही. लोक काय म्हणतील? मी दुरुस्त केलाय." आणि वाचून दाखवला.

मेघसेन आला नगरीला, दारी जमला गाव,
राणीच्या डोळा पाणी आलं, जिवाला आला भाव,
खोटं सरलं, खरं उरलं, उरलं देवाचं नाव,
वग जुळवुनी सभेला वाहतो पाटील आनंदराव.

"जिवाला भाव?" मी म्हणालो. "अरे, भाव कांद्याला येतो."

"काका, यमक बघा ना. पर्फेक्ट आहे. आता तुम्हाला एवढं बदडायचीही गरज नाही."

खरं सांगू? मला बरं वाटलं. दुखणाऱ्या मनगटाला सुटका. आणि त्या कंडक्टरचं नाक ठेचलं, हे वरती. गावच्या ग्रुपवर नवा चौक आला, शंभर जणांनी अंगठे दाखवले.

जत्रेच्या दिवशी सकाळी दुधाची गर्दी ओसरली आणि मी फॅटचं मशीन धूत होतो. दारात सावली पडली. बघतो तर रंगनाथ.

"गोरख," तो म्हणाला.

बावीस वर्षांनी माझं नाव घेतलं. मी तोंड वाकडंच ठेवलं.

"काय हाय?"

"करननं तीन ओळी बदलल्या."

"ठाव हाय. माझी हाडं सुटली."

"काय झालं त्ये कळतंय का तुला?" त्याचा आवाज चढला. "आजवर ती ओळ लंगडी हुती. लंगडी हुती म्हनून कोनीतरी इचारायचं, का रं बाबा लंगडी? आन कोनीतरी सांगायचं, तिथं भिवाचं नाव हुतं. आता ती धड झाली. अजून दहा वर्सांनी यमकच साक्ष दील, आनंदरावानंच वग जुळवला म्हनून. माझ्या बापाची येवढी येकच खून गावात ऱ्हायली हुती. ती पुसली."

"मग कागद दाखव की."

"कागद त्यांच्या घरात. शेवटचं पान पावसात भिजलं म्हनत्यात. आख्ख्या वहीतलं येकच पान भिजवनारा पाऊस मी तरी बघितला न्हाई."

"मग माझ्याकडं काय काम?"

"शेवटच्या ओळीला हात उचल. वाजवू नको. बास, येवढंच."

"त्यानं काय हुनार हाय?"

"तू उचल तर खरं."

मला राग आला. काय हो, बावीस वर्षं तोंड फिरवायचं, व्याह्यांपुढं इज्जत घालवायची, आणि गरज पडली की दारात? मी म्हणालो, "तुझ्या बापाचं नाव घ्यायचा मक्ता मी घेतलाय व्हय?"

"न्हाई. दाबायचा घेतलायस."

"चल, उतर," मी ओरडलो. "उंबऱ्याच्या खाली उतर आधी!"

तो हलला नाही. शांतपणे खाली आपल्या पायांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"खालीच हाय की," तो म्हणाला. "वर कवा घेतलंस?"

मी बघितलं. खरंच तो उंबऱ्याच्या बाहेर, पायरीच्या खाली, मातीत उभा होता. पहिल्यापासून तिथंच होता. तो गेला आणि मी ते मशीन उगाच तीनदा धुतलं.

दहाला पोलीस स्पीकर बंद करतात म्हणून आता वग दुपारी चारलाच सुरू होतो. मांडव खच्चून भरला. करणनं दोन कॅमेरे लावलेले, सगळं मोबाईलवर थेट जात होतं. मागं भलामोठा फ्लेक्स, त्यावर आनंदरावांचा फेट्यातला फोटो आणि खाली 'वगसम्राट'. आक्काबाई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत. मी ढोलकी मांडीवर घेतली आणि सवयीनं पडद्याच्या भोकाकडं बघितलं. भोकात डोळा नव्हता. नुसता उजेड दिसत होता. आणि गंमत बघा, मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. रंगनाथ मांडवाच्या बाहेर, एसटीच्या पाटीखाली उभा होता.

वग बरा झाला. करणला कपडे शोभतात. राणीनं सोंगाड्याला पकडलं, 'कपडे चोरता येतात, यमक चोरता येत नाही', टाळ्या झाल्या. मग शेवटचा चौक.

"मेघसेन आला नगरीला, दारी जमला..." करण थांबला.

"दिवा!" मांडव ओरडला.

झालं. ग्रुपवर अंगठे दाखवणं सोपं असतं हो. पंचाहत्तर वर्षांचं वळण तोंडाला होतं, ते काय एका मेसेजनं जाणार? पुढं बसलेली दोन-चार तरणी पोरं तेवढी 'गाव' म्हणाली, ती बुडाली. करणचं तोंड उतरलं. त्यानं दुसरी ओळ घाईनं म्हटली, "जिवाला आला..."

"जिवा!"

बायका हसायला लागल्या. तिसऱ्या ओळीला त्यानं थांबायचंच नाही असं ठरवलं, "उरलं देवाचं नाव" असं एका दमात बोलून टाकलं, पण गावानं त्याच्या 'नाव'वर 'शिवा' आदळलाच. आता आली शेवटची ओळ. तीन यमकं गावानं जुन्या जागी आणून ठेवली होती आणि चौथा होता आनंदराव. करणला कळलं, आता उघडं पडणार. त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंडानं काही बोलला नाही. बोट खाली केलं आणि दोनदा हलवलं. वाजव. बैलाला हाक द्यायची असते ना, तेवढीसुद्धा तसदी नाही. नुसतं बोट.

मी खोटं सांगत नाही, रंगनाथसाठी मी काही केलं नाही. त्याचा राग मला तेव्हाही होता. पण त्या बोटानं माझं डोकं फिरलं. माझ्या बापालाही असंच बोट दाखवलं असणार, आणि तो बोट दाखवून घेणारा माणूस मला कानाखाली मारून 'पद्धत हाय' म्हणाला होता. म्हटलं, हात्तिच्या, तुझी पद्धत! मी दोन्ही हात वर उचलले आणि वरच धरले.

"वग जुळवुनी सभेला वाहतो," करण म्हणाला, आणि आवाज पार बारीक झाला, "पाटील आनंदराव."

मांडवात चिडीचूप. असं शांत त्या ओळीला कधी झालंच नव्हतं. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज आला. म्हातारा, चिरका, पण ठणठणीत.

"दास तुमचा भिवा."

आक्काबाई. आनंदरावाची सून, गहिनीनाथची आई. तिला काय माहीत ढोलकी बंद आहे ते? तिला ऐकूच येत नव्हतं. ती तिच्या सवयीनं ओळ पुरी करून मोकळी झाली. नवी नवरी म्हणून या गावात आली तेव्हा तिनं ती ओळ भिवाच्या तोंडून ऐकली होती, आणि तेव्हापासून दर जत्रेला म्हणत होती. दर जत्रेला. माझ्या ढोलकीखाली. आम्ही म्हणायचो, मिसरी आहे.

गहिनीनाथ उठला. "आई! गप बस!" तो तिच्या कानाशी ओरडला.

म्हातारी त्याच्याकडं बघायला लागली. "का रं? चुकलं का माझं?" ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली. "भिवाच हुतं की."

मग मागं कुणीतरी म्हणालं, 'भिवा'. मग दोघं-चौघं. भीमनगरची, म्हणजे रंगनाथच्या वस्तीतली पोरं मांडवाच्या कडेला उभी होती, ती ओरडली. आमच्यातलेही काही म्हातारे बोलले, तोंड खाली घालून का होईना. कुणी माईक बंद केला, कुणी करणच्या कॅमेऱ्यापुढं उपरणं धरलं, पण जायचं ते केव्हाच गेलं होतं. संध्याकाळपर्यंत करणनं तो व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो महेंद्रच्या मोबाईलवर नगरला पोचला होता.

गहिनीनाथ माझ्यापाशी आला. "गोरख, पुढल्या साली ढोलकी आनू नगंस."

"न्हाई आनत," मी म्हणालो. सदतीस वर्षं एका वाक्यात संपली.

ढोलकी खांद्याला लावून मी एसटीच्या पाटीजवळच्या हॉटेलात गेलो. रंगनाथ अजून तिथंच उभा होता. डोळे लाल, पण चेहरा कंडक्टरचाच. मला वाटलं, आता बोलेल. काहीतरी बोलेल. मी दोन चहा सांगितले आणि एक बाकाच्या त्याच्या बाजूला सरकवला. बसला नाही.

"म्हातारी बोलंल, हे तुला ठाव हुतं?" मी विचारलं.

"ठाव हुतं म्हंजे? तीस वर्सं बघत हुतो. भोकातनं."

म्हणजे तो डोळा माझ्या हातावर नव्हता. म्हातारीच्या तोंडावर होता. वर्षातून एकदा, ढोलकीच्या गोंगाटात, एका बाईचे ओठ आपल्या बापाचं नाव घेताना बघायचे, एवढ्यासाठी हा माणूस घरच्यांच्या शिव्या खाऊन त्या पडद्यामागं येऊन बसत होता.

"मग मला सांगायचंस की, सकाळी," मी म्हणालो.

"आन तू गहिनीनाथला सांगितलं असतंस तर? म्हातारीला जत्रेला आनलंच नसतं त्येंनी."

सांगितलं असतं का मी? असतंच.

"गोरख, येक इचारू?" तो म्हणाला. "हात उचलायला लई जोर लागला का रं?"

"जोर कसला? नुसता उचलायचा."

"व्हय ना," तो म्हणाला. "नुसता उचलायचा हुता."

आणि गेला. समोरच्या रस्त्यानं, देवळाच्या पुढून, पाण्याची बाटली हातात घेऊन. दोन दिवसांनी गल्लीत समोरासमोर आलो. त्यानं गटाराकडं बघितलं नाही, सरळ माझ्याकडं बघितलं. गटाराकडं मी बघितलं.